पार्श्वभूमी : रापणीच्या वाट्यापासून कांदळवनाच्या फेरीपर्यंत

सहकार म्हटलं की घाटावरचं धुराडं आठवतं. प्रवरेकाठचा, प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना, तो उभारणारे विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. कोकणात ऊस नाही, धुराडं नाही, म्हणून 'कोकणात सहकार रुजलाच नाही' असं सगळे बिनदिक्कत म्हणतात. पण देशातली पहिली मच्छीमार सहकारी संस्था म्हणून नाव घेतलं जातं ते रत्नागिरीजवळच्या कर्ल्याचं, साल १९१३. प्रवरानगरच्या कितीतरी आधी. १९०४च्या कायद्यात जागा होती ती फक्त पतसंस्थांना. १९१२च्या कायद्याने इतर संस्थांची वाट मोकळी केली आणि वर्षभरात कर्ल्याचे मच्छीमार त्या वाटेने गेले.

त्यांना कल्पना नवी नव्हतीच. मालवण, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर आजही रापण लागते. एक दोर किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धगोल फिरते, जाळं सोडत पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसं जुंपतात, टाचा वाळूत रोवून, मागे मागे सरकत. मासळी विकली की खर्च वजा जाऊन वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्या हातांचा. सहज आलेल्याने दोरीला हात लावला, तरी कालवणापुरती मासळी त्याच्या हातावर पडते. याचे पोटनियम कुणी छापले नाहीत.

शेतीत मात्र हे जमलं नाही. खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची सत्ता, १९४९च्या कायद्याने गेली, पण सातबाऱ्यावर डझनभर नावं आणि त्यातली निम्मी मुंबईच्या गिरणगावात. तिथे गावकीच्या खोल्या उभ्या राहिल्या; पाळीपाळीने झोपणारे गिरणी कामगार वर्गणी काढून खोली चालवायचे. सहकार खात्याच्या दप्तरात तिची नोंद कुठून असणार?

स्वातंत्र्यानंतर यांत्रिक नौका आल्या, त्यांच्या कर्जासाठी, पुढे डिझेलवरच्या सवलतीसाठी मच्छीमार सोसायट्या लागल्या. सोसायट्या वाढल्या, वाटा मात्र आटला. माझ्या मते बऱ्याच ठिकाणी सोसायटी म्हणजे डिझेलचा पंप आणि शिक्का, एवढंच उरलं. रापणकर आणि पर्ससीनवाले (मोठ्या जाळ्याने मासळीचा अख्खा थवा वेढणारे यांत्रिक नौकावाले) यांच्यातला तंटा त्यातूनच चिघळला. २०१६ साली सरकारला पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले.

नवं घडलं ते बायकांकडून. १९९२मध्ये नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली आणि कोकम, काजू, पापड-लोणच्यांभोवती गट उभे राहिले. पुढे हापूसला, कोकमला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही उत्पादकांच्या संस्थांनी एकत्र येऊन मागितल्यावर. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत तर स्वामिनी गटाच्या बायका २०१७पासून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. कुठल्या झाडाची मुळं चिखलातून वर का येतात, हे त्या मालवणी हेलात समजावून सांगतात आणि होडी स्वतःच वल्हवतात.