पडद्यासमोर बसलेले गुरुजी

मुक्त विद्यापीठ कुठे, असं नाशकात विचारलं की लोक गंगापूर धरणाकडे बोट दाखवतात. १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ तिथलंच. राम ताकवले पहिले कुलगुरू, ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. गंगा घरी पोचायची ती मुख्यतः पुस्तकांतून. अडलेलं विचारायला अभ्यासकेंद्रावरची संपर्क सत्रं.

बी.एड.ला हे पुरेसं नव्हतं. दूरस्थ बी.एड.चा विद्यार्थी म्हणजे बहुधा नोकरीतलाच शिक्षक. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमावलीने तर हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम प्राथमिक स्तरावरच्या प्रशिक्षित, सेवेतल्या शिक्षकांपुरता आणि शिक्षक-प्रशिक्षणाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून पूर्ण केलेल्यांपुरताच ठेवला. सुरगाण्यासारख्या दूरच्या तालुक्यातल्या शाळेतून दर वेळी केंद्रावर येणं सोपं नाही, म्हणून आभासी, म्हणजे पडद्यावरून चालणाऱ्या वर्गाचं आकर्षण.

पडद्यावरून शिकवण्याचा खटाटोप जुनाच. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाने कार्यक्रम दाखवले. महाराष्ट्र त्यात नव्हता. १९८४मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर आले. पण बोलणारा एकीकडे, ऐकणारे दुसरीकडे. २० सप्टेंबर २००४ला खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ उडाला, तेव्हा काही केंद्रांवरून उलट प्रश्न विचारायची सोय झाली. बाकीच्यांच्या नशिबी नुसतं पाहणंच. २०१०मध्ये तो उपग्रह निवृत्त झाला. पुढे इंटरनेट स्वस्त झालं आणि वर्ग खिशातल्या फोनवर आला.

छात्राध्यापकांचं, म्हणजे बी.एड. करणाऱ्या या शिक्षकांचं, आभासी वर्गाबद्दलचं मत ऐकताना हा इतिहास ध्यानात ठेवावा लागतो. प्रवास वाचतो, रजा टाकावी लागत नाही, व्याख्यान पुन्हा ऐकता येतं, हे ते मोकळेपणाने सांगतात. कुरकुर रेंजची असतेच, पण माझ्या मते खरी अडचण वर्गात घ्यायच्या सराव पाठाची आहे. पाठाचं टाचण मेलने पाठवता येतं, मानसशास्त्र पडद्यावर समजतं. पण फळ्याकडे वळल्यावर मागच्या बाकांवर काय चाललं होतं, हे सांगायला निरीक्षक वर्गातच हवा. आणि ही माणसं रोज शिकवणारी! समंत्रकाची, म्हणजे त्यांना शिकवणाऱ्या मार्गदर्शकाची, स्लाइड वाचून दाखवण्याची सवय त्यांच्या नजरेतून कशी सुटेल?

मार्च २०२० नंतर याच गुरुजींवर स्वतःच्या वर्गातल्या मुलांना फोनवरून शिकवायची पाळी आली. ‘सर, आवाज येत नाही’ हे एरवी ते स्वतः समंत्रकाला सांगायचे. आता पलीकडून पोरं सांगू लागली.