पिंगला उत्तर देणारा सर्व्हर कितपत सुदृढ?

सर्व्हर चालू आहे की नाही हे पाहायचे झाले, की बहुतेक जण पिंग करतात, म्हणजे ‘आहेस का?’ असे विचारणारा छोटा संदेश त्याला पाठवतात, आणि उत्तर आले की निर्धास्त होतात. पण पिंगला उत्तर देते ते त्या यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे कर्नल, म्हणजे तिचा गाभा. वेबसाइट पुरवणारा प्रोग्रॅम कधीचाच बंद पडलेला असला, तरी कर्नल शाबूत असेपर्यंत पिंगचे उत्तर येतच राहते. उलट फायरवॉलने पिंग अडवले असेल, तर उत्तम चालणारा सर्व्हरही बंद असल्यासारखा वाटतो.

त्याहून नेमका प्रश्न विचारायचा, तर तो विशिष्ट पोर्टला, म्हणजे यंत्रावरच्या एखाद्या सेवेच्या क्रमांकित दाराला, विचारावा लागतो. दोन यंत्रांतली माहिती पॅकेटांनी, म्हणजे छोट्या गठ्ठ्यांनी, जाते. टीसीपी या नियमांनुसार होणाऱ्या जोडणीची सुरुवात करणारे ‘सिन’ पॅकेट ३२ बिटांचा एक क्रमांक घेऊन जाते. त्या पोर्टवर कोणी ऐकत असेल, तर त्या क्रमांकात एक मिळवून पोचपावती देणारे ‘सिन-अ‍ॅक’ परत येते; कोणी ऐकत नसेल, तर सहसा ‘रिसेट’ येते; आणि काहीच आले नाही, तर पॅकेट वाटेत हरवले किंवा फायरवॉलने गिळले असे समजावे. या तिन्ही उत्तरांतून वेगवेगळी माहिती मिळते, हे पिंगवर विसंबणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

एरवी ही पॅकेटे आपण घडवत नाही. आपला प्रोग्रॅम कर्नलकडे फक्त मजकूर सोपवतो आणि हेडरमधला, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीला असलेल्या नोंदींमधला, जवळजवळ प्रत्येक आकडा कर्नल स्वतः, नियमानुसार भरते. त्यामुळे नेहमीच्या प्रोग्रॅमांनी सर्व्हर कितीही तपासला, तरी त्याच्यापर्यंत सभ्य पॅकेटेच पोहोचतात. नियम मोडणारे पॅकेट आले तर काय होईल, हे पाहण्यासाठी ते हाताने घडवावे लागते. पायथन भाषेतल्या स्केपीसारख्या साधनाने हेडरमधला प्रत्येक आकडा आपण ठरवू शकतो. मात्र त्यासाठी संगणकावर प्रशासकाचे अधिकार लागतात. यात नवख्यांना हमखास चकवणारी एक गोष्ट आहे. हाताने पाठवलेल्या ‘सिन’ची आपल्याच कर्नलला खबर नसते, म्हणून सर्व्हरचे ‘सिन-अ‍ॅक’ आल्यावर ते अनाहूत समजून कर्नल लगेच ‘रिसेट’ पाठवते आणि जोडणी पूर्ण होण्याआधीच तुटते.

नियमबाह्य पॅकेट किती महागात पडू शकते, हे १९९६ मध्ये उघड झालेल्या ‘पिंग ऑफ डेथ’ या त्रुटीने दाखवले, आणि तिच्यामागचे गणित मला फार सुंदर वाटते. इंटरनेटच्या आयपी या नियमांनुसार घडवलेल्या पॅकेटची एकूण लांबी १६ बिटांत लिहिली जाते, म्हणून हेडर धरून ते ६५,५३५ बाइटांपेक्षा मोठे असूच शकत नाही. मोठे पॅकेट वाटेत तुकड्यांनी जाते आणि मूळ मजकुरात आपण कितव्या बाइटपासून सुरू होतो, हे प्रत्येक तुकड्याच्या हेडरमध्ये असते. त्या नोंदीसाठी १३ बिटच ठेवलेले असल्याने अंतर आठ-आठ बाइटांच्या पटीत मोजतात. १३ बिटांतली सर्वांत मोठी संख्या ८,१९१. तिची आठपट ६५,५२८. म्हणजे एखादा तुकडा मी ६५,५२८व्या बाइटपासून सुरू होतो असे सांगू शकतो, आणि इथरनेट या नेहमीच्या तारेच्या जाळ्यावर अशा एका तुकड्यात १,४८० बाइट मजकूर मावतो. बेरीज होते ६७,००८. प्रत्येक तुकडा सुटा पाहिला तर नियमात बसतो. जोडून तयार होणारे पॅकेट मात्र नियमाने अशक्य असते. त्या काळच्या अनेक ऑपरेटिंग सिस्टिम ही बेरीज तपासतच नव्हत्या. त्या ६५,५३५ बाइटांपुरतीच जागा राखून तुकडे जोडत, उरलेला मजकूर शेजारच्या स्मृतीवर सांडे आणि यंत्र कोसळे. प्रत्येक तुकडा जोडण्याआधी त्याची सुरुवात आणि लांबी यांची बेरीज मर्यादेत आहे ना, एवढे पाहिले की ही त्रुटी दूर होते.

असे तुकडे आज पाठवले, तर नीट लिहिलेल्या सर्व्हरने ते टाकून द्यावेत आणि त्याच वेळी इतरांच्या साध्या विनंत्यांना नेहमीच्याच वेगाने उत्तरे द्यावीत. म्हणून चाचणी करताना दुसऱ्या संगणकावरून साध्या विनंत्या चालू ठेवाव्यात, आणि सर्व्हरच्या बाजूला टीसीपीडंप हे येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारे साधन लावून आपले पॅकेट तिथवर पोहोचले का, हेही पाहावे. वाटेतले राउटर आणि फायरवॉल विचित्र पॅकेटे टाकून देतात किंवा तुकडे आधीच जोडून पाहतात. तसे झाले, तर सर्व्हर टिकला या निष्कर्षाला काहीच आधार उरत नाही. एक कळ दाबताच सर्व्हर संपूर्ण सुरक्षित असल्याचा निर्वाळा देणाऱ्या साधनांची जाहिरात जोरात चालते, पण ती साधने त्यांना शिकवलेले प्रश्नच विचारतात.

ही चाचणी स्वतःच्या सर्व्हरवर किंवा मालकाच्या लेखी परवानगीनेच, आणि शक्यतो वापरातल्या यंत्रावर नव्हे तर त्याच आवृत्तीच्या वेगळ्या यंत्रावर करावी. दोन्ही यंत्रे एकाच स्थानिक जाळ्यात ठेवली, तर वाटेतल्या राउटरांचा हस्तक्षेपही टळतो.