आरती, मोह आणि ‘अतिक्रमण’: सातपुड्यातल्या भांडणाची पार्श्वभूमी

नंदुरबार जिल्ह्यात, शहादा-तळोद्याकडे जमिनीवरून वातावरण तापलं की बाहेरून आलेल्या माणसाला दोन कारणं ऐकवली जातात. डोंगरात कुणीतरी धर्माच्या नावाने लोकांना फितवतंय, आणि जंगलावर अतिक्रमण वाढलंय. तक्रारी दोन्ही जुन्या आहेत, आणि एकमेकींत अडकलेल्या आहेत.

खानदेशचे फारुकी सुलतान, बुऱ्हाणपूरची पेठ, १६०१ मध्ये अकबराने घेतलेला असीरगड हे सगळ्यांना ठाऊक आहे. १८१८ नंतर इंग्रजांनी डोंगरातल्या भिल्लांवर आधी बंदूक चालवून पाहिली, मग १८२५ मध्ये भिल्लांचीच पलटण उभी केली. तरीही १८५८ ला भिल्ल आणि इंग्रज यांच्यात आंबापाणीची लढाई झालीच.

खरी गाठ बसली ती १८७८ साली. त्या एका वर्षात वन कायदा आला आणि मुंबई इलाख्याचा अबकारी कायदाही आला. पहिल्याने जंगल सरकारचं झालं, दुसऱ्याने घरची मोहाची भट्टी गुन्हा ठरली. मोहाची फुलं पहाटे वेचायची, अंगणात वाळवायची, टंचाईत तीच शिजवून खायची. आणि देवाला, पितरांना धारही त्याच दारूची. म्हणजे भट्टी शोधायला आलेला शिपाई पूजेतच पाय ठेवत होता. पुढे दारू ठेकेदाराच्या दुकानातून, उधारीवर. उधारी फिटेना, मग शेत गहाण. तापीकाठची काळी जमीन भिल्लांच्या हातून गेली, त्यात या उधारीचा वाटा मोठा. मालक होते ते सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे शेतगडी झाले.

म्हणून १९२२ च्या सुमारास देवीची लाट, म्हणजे अंगात आलेल्या देवीच्या नावाने दारू सोडायला सांगणारी चळवळ आली आणि १९३० च्या दशकात मोरवडच्या गुलाम महाराजांनी सामुदायिक आरती सुरू केली, तेव्हा ‘दारू सोडा, अंघोळ करा, एकमेकांना आप म्हणा’ हा उपदेश निव्वळ सोवळेपणाचा नव्हता. दारू सुटली की ठेकेदाराची वही बंद होणार होती. आरतीला हजारोंनी माणसं जमत. सरकारला त्यात शांततेचा भंग दिसला. माझ्या मते त्या काळात या भागात शांतता राखण्याचं काम पोलिसांपेक्षा आरतीनेच जास्त केलं. महाराज १९३८ मध्ये वारले, ‘आप की जय’ मात्र राहिलं.

स्वातंत्र्यानंतर कूळ कायदा आला, तापीचं पाणी उपसून ऊस आला, पाठोपाठ कारखाना. जमिनीची किंमत चढली तशी शेतमालकांच्या पीक संरक्षण सोसायट्यांच्या राखणदारांची दांडगाईही वाढली. कणसं चोरल्याच्या संशयावरून मारहाण, दंड हे नेहमीचं झालं. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीत धान्यावरून गोळी चालली आणि एक आदिवासी मारला गेला. एका बाजूच्या बोलण्यात तो दरोडा होता, दुसरीकडे भुकेल्यांनी मागितलेलं धान्य. पुढे आदिवासींची जी चळवळ उभी राहिली तिचा पुढारी अंबरसिंग भजनातून आलेला होता. लोक त्यालाही महाराजच म्हणत. दुष्काळातल्या शिबिरांनंतर बायकांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. पुस्तकी मंडळी याला वर्गलढा म्हणतात. मडकी फोडणाऱ्या बायकांच्या आज्यांनी मोरवडची आरती पाहिली होती, हे त्या पुस्तकांत एखाद्या ओळीत उरकलेलं असतं.

आता ‘अतिक्रमण’ हा शब्द. सगळा गुंता यातच आहे. खाली सपाटीवर जमीन गेली म्हणून माणूस वर सरकला, आणि वर १८७८ पासून वनखातं. आजोबांनी कसलेला तुकडा कागदोपत्री चोरीचा. १९७८ च्या डिसेंबरात राज्य सरकारने ठरवलं की १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळात चालू असलेली वनजमिनीवरची शेती नियमित करायची. निर्णय बरा होता, पण पुरावा मागितला वनखात्याचाच. ज्याची नोंद नाही, तो नाहीच. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर पुरावाही पाहा म्हणून सांगितलं. २००६ च्या वनहक्क कायद्याने ताब्यासाठी १३ डिसेंबर २००५ ही मुदत घातली आणि म्हाताऱ्या माणसांचा जबाबही पुरावा धरला. धडगावकडे एका घरात आजोबांनी कोठीमागून प्लास्टिकची पिशवी काढून दाखवली होती. आत सत्तरच्या दशकातली दंडाची पावती, घडीवर फाटलेली. त्या वेळी ती पावती फाडताना गार्डने कोंबडीही नेली होती म्हणे. आता हाच दंड त्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा.

आणि धर्म इथे पुन्हा शिरतो. धर्म बदललेल्यांना अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा, अशी मागणी गेल्या काही वर्षांत जोरात आहे. आज जमातीचा दाखला धर्मावर ठरत नाही. ही मागणी राखीव नोकऱ्या आणि जागांबद्दल आहे असं वाटतं, पण सातपुड्यात ती थेट सातबाऱ्यावर येते. वनहक्क कायद्यात आदिवासी दावेदाराला २००५ च्या मुदतीआधीचा ताबा दाखवला की पुरतं. इतरांना त्याआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. यादीतून नाव गेलं तर आजोबांची ती पावती पुरणार नाही. त्यांना १९३० च्या आधीचं काहीतरी शोधावं लागेल, मोरवडच्या आरतीच्याही आधीचं.