‘नंतर करू’ची आठवण आणि धावपट्टीवरचं विमान

हवाई वाहतूक नियंत्रकाने ड्यूटीवर मोबाइल वापरू नये, एवढा नियम केला की लक्ष विचलित होण्याचा प्रश्न सुटला, असा सर्वसाधारण समज दिसतो. नियम हवाच. 8 ऑगस्ट 2009 रोजी न्यूयॉर्कजवळ हडसन नदीवर छोटं विमान आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन 9 जण गेले. त्या वेळी जवळच्या टेटरबरो विमानतळाच्या टॉवरचा नियंत्रक फोनवर कामाबाहेरचं बोलत होता. छोट्या विमानाच्या वैमानिकाने पुढच्या टॉवरची रेडिओ फ्रीक्वेन्सी चुकीची उच्चारली, ती दुरुस्त करायची राहून गेली. पण याहून फसवा व्यत्यय कामाच्या पोटातूनच येतो, आणि त्यावर बंदी घालता येत नाही.

1 फेब्रुवारी 1991, लॉस एंजेलिस. संध्याकाळ उतरलेली. नियंत्रक महिलेने एका छोट्या मेट्रोलायनर विमानाला 24-लेफ्ट धावपट्टीवर जाऊन थांबायला सांगितलं, कारण पुढे दुसरं विमान तीच धावपट्टी ओलांडणार होतं. ते दुसरं विमान चुकून फ्रीक्वेन्सी बदलून बसलं. त्याला हाका मारण्यात वेळ गेला. दरम्यान उतरणाऱ्या बोइंग 737ला त्याच धावपट्टीची परवानगी दिली गेली. मग तिसऱ्या विमानाने ‘उड्डाणाला तयार’ म्हटलं, तर त्याची फ्लाइट स्ट्रिप, म्हणजे त्या विमानाची माहिती लिहिलेली पट्टी, सापडेना. शोधाशोध चालू असतानाच 737 उतरलं, थेट थांबलेल्या मेट्रोलायनरवर. 35 मृत्यू. यात गप्पा नाहीत, मोबाइल नाही, आळस नाही. प्रत्येक व्यत्यय कर्तव्याचाच भाग होता.

मग डोक्यात नेमकं काय घडतं? झालेली गोष्ट आठवणं वेगळं, आणि ‘अमुक झालं की तमुक करायचं’ हे ऐन वेळी आठवणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला भविष्यलक्ष्यी स्मृती म्हणतात. तिची अडचण अशी की तिथे प्रश्न विचारणारं कुणी नसतं. ‘धावपट्टीवर कोण आहे?’ असं विचारलं असतं तर उत्तर बहुधा आलं असतं. पण हेतू मनात आपोआप वर येण्यासाठी बाहेरून खूण मिळावी लागते. त्या संध्याकाळी दिव्यांच्या झगमगाटात टॉवरवरून ते छोटं विमान दिसणं कठीण होतं आणि जमिनीवरचा रडार बंद होता, म्हणजे दोन्ही खुणा गेल्या. शिवाय व्यत्यय संपला की माणूस सोडल्या जागी परततोच असं नाही. समोर जे सर्वांत ठळक असेल तिथून तो पुढे निघतो. अर्धवट कामाची सक्रियता दर सेकंदाला उतरत जाते, नव्या कामाची चढते. मधलं काम पहिल्यासारखंच असेल, म्हणजे तेच शब्द आणि त्याच कंपनीच्या विमानांची मिळतीजुळती नावं, तर दोन हेतू एकमेकांत मिसळतात. ‘त्याला तर मी सोडलं’ अशी खोटी खात्री यातूनच तयार होते. ‘आणखी लक्ष द्या’ हा सल्ला म्हणूनच निरुपयोगी.

खरा उपाय हेतू डोक्याबाहेर ठेवण्याचा आहे. धावपट्टीवर विमान थांबवलं की त्याची स्ट्रिप धावपट्टीच्या रकान्यात सरकवायची, किंवा ‘धावपट्टी व्यापलेली’ अशी लाल पट्टी तिथे ठेवायची. काम अपुरं असेल तर स्ट्रिप रांगेतून तिरकी ओढून ठेवायची. क्रमही महत्त्वाचा: आधी खूण, मग फोन. फोन वाजला तर ‘स्टँडबाय’ म्हणून हातातली सूचना आणि तिचा रीडबॅक, म्हणजे वैमानिकाने ती परत बोलून दाखवणं, पुरा करायचा. व्यत्ययाकडे वळण्याआधी दोन-तीन सेकंद मिळाले आणि खूण जागेवर असली, तर माणूस मूळ कामावर लवकर परततो, हे प्रयोगांत दिसलं आहे.

या सेकंदांची किंमत साध्या गुणाकाराने कळते. समोरासमोर येणारी दोन जेट विमानं प्रत्येकी 450 नॉटने, म्हणजे ताशी 450 सागरी मैलांनी, उडत असतील, तर त्यांच्यातलं अंतर मिनिटाला 15 सागरी मैलांनी घटतं. मार्गावरच्या रडार नियंत्रणात नेहमी राखलं जाणारं 5 सागरी मैलांचं अंतर 20 सेकंदांत संपतं.

लॉस एंजेलिसच्या चौकशीत संभाव्य कारण म्हणून मुख्य ठपका त्या नियंत्रकावर ठेवला गेला नाही. एकाची चूक दुसऱ्याने पकडावी अशी दुहेरी खबरदारी टॉवरच्या व्यवस्थापनाने राबवली नव्हती, असा निष्कर्ष निघाला. हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो.

ड्यूटी बदलताना हीच अडचण दुप्पट होते, कारण हेतू एका डोक्यातून दुसऱ्यात आपोआप जात नाही. म्हणून नवा नियंत्रक आधी शेजारी उभा राहून चित्र पाहतो, हेडसेट जोडून ऐकतो. जुना यादीनुसार एकेक बाब मोठ्याने सांगतो: कोणती धावपट्टी बंद, कोण कुठे थांबवलेला, कुणाला काय कबूल केलंय. आणि खुर्ची सोडल्यावरही तो काही मिनिटं मागे उभा राहतो, कारण सांगायची राहिलेली गोष्ट बहुधा तेव्हाच आठवते.