ज्युदोच्या पोरांना वजनं कशाला?

हा प्रश्न बेळगावातल्या आमच्या जिममध्ये आम्हाला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. विचारणारे बहुतेक जुने पैलवान असतात, आणि त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. शहापूर, वडगाव, अनगोळ भागांत जोर, बैठका आणि दोर यांवर पिढ्या घडल्या. तालमीतून ज्युदोकडे आलेल्या पोराच्या मांड्या आणि मान पहिल्याच दिवशी ओळखू येतात. कमी पडते ती मूठ.

कुस्तीत अंगावर लंगोट. धरायचं ते मनगट, मान नाहीतर कंबर. ज्युदोत धरायची समोरच्याच्या गीची, म्हणजे ज्युदोच्या जाड सदऱ्याची, बाही आणि कॉलर, आणि ती सोडवायला तो सारखा झटके देत असतो. सीनियर लढत ४ मिनिटांची. बरोबरी झाली तर गोल्डन स्कोअर, म्हणजे निकाल लागेपर्यंत जादा लढत, त्याला वेळेची मर्यादाच नाही. आमच्याकडचा एक मुलगा अशीच लांबलेली लढत हरून बाहेर आला, तर त्याला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. शेवटी आईनं उघडून दिलं. डाव त्याला येत होते, बोटंच मिटत नव्हती.

म्हणून आमच्याकडे पहिलं काम ओढायचं. पुलअपच्या दांड्यावर जुनी गी टाकायची आणि तिची दोन्ही टोकं धरून वर चढायचं. नव्यांनी चढायची घाई करू नये, नुसतं लटकावं: आधी २० सेकंद, मग ३०. टॉवेलही चालतो, पण गीची जाड शिवण बोटांत जशी रुतते तशी टॉवेलची रुतत नाही. (जुनी गी फेकू नका, आम्हाला आणून द्या. जुलैच्या पावसात इथं एक गी दोन-दोन दिवस वाळत नाही, त्यामुळे आमच्याकडे कायम तुटवडा.) दोर आहेच, तालमीतल्यासारखाच, पाय न लावता. शिवाय वाकून बारबेल पोटाकडे ओढणं.

दुसरं काम कमरेखालचं. सेओई नागे हा डाव मारताना समोरच्याच्या खाली शिरायचं आणि त्याला पाठीवर घेऊन उठायचं. अर्ध्यात अडकलात तर तोच वरून चेपणार. पाचशे बैठकांनी दम वाढतो, यात वाद नाही. पण दुसऱ्याचं वजन घेऊन एका झटक्यात उठणं ही वेगळी ताकद. त्यासाठी स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं): ३ ते ५ रेपचे, म्हणजे सलग तेवढ्या वेळा उचलायचे, ४ सेट, मध्ये ३ मिनिटं बसायचं. हे बसणंच पोरांना पटत नाही, घाम आला नाही तर व्यायाम झाल्यासारखा वाटत नाही. घाम रांदोरीत, म्हणजे मॅटवरच्या सरावाच्या लढतीत, काढा. इथं प्रत्येक रेप जोरात आणि साफ हवा. उची माता हा डाव एका पायावर उभं राहून मारतात, त्यामुळे एकेका पायाचे स्क्वॉटही करून घेतो. मानेसाठी सुरुवातीला फक्त हाताच्या दाबाविरुद्धचा व्यायाम.

वजनगट बदलेल का? पुरुषांत ६० किलोनंतर थेट ६६ चा गट, त्यामुळे ही भीती रास्त आहे. कमी रेप, जास्त वजन आणि आहार तेवढाच ठेवला, तर अंग फारसं भरत नाही. आहेत तेच स्नायू एकदम कामाला लागायला शिकतात. थंडाईचा लोटा आणि तुपातला शिरा चालूच ठेवलात तर मात्र आम्हाला बोल लावू नका.

वजन द्यायच्या आदल्या दिवशी रेनकोट घालून पळायला आमचा ट्रेडमिल मिळणार नाही, विनंती करू नये. पाणी तोडून उतरवलेल्या वजनाबरोबर ताकदही उतरते. आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत लढतीच्या दिवशी सकाळी काही खेळाडूंचं वजन पुन्हा तपासतात: गटाच्या ५ टक्क्यांहून वर चालत नाही, म्हणजे ६० वाल्याला ६३. रात्रीतून सगळं भरून काढू, हा हिशेब तिथं फसतो.

मोसमात आठवड्याला दोनच दिवस, सोमवार आणि गुरुवार, सकाळी. मॅट संध्याकाळी, म्हणजे मध्ये अंग मोकळं व्हायला वेळ मिळतो. स्पर्धेच्या आठवड्यात एकच दिवस, तोही निम्म्या सेटचा. खानापूरहून येणाऱ्यांची परतीची गाडी चुकू नये म्हणून सगळं ५० मिनिटांत आटोपतो.

पालकांसाठी: वजनांनी उंची खुंटते हा समज खरा नाही, मात्र शेजारी शिकवणारा हवा. तरीही १४ वर्षांखालच्या मुलांच्या हाती आम्ही आधी लाकडी काठीच देतो. काठी घेऊन बसता-उठता पाठ सरळ राहिली की मगच बार. पावडर आम्ही विकत नाही. भाकरी, उसळ, अंडी, दूध पोटभर खाऊ द्या.

डाव आम्ही शिकवत नाही, ते तुमच्या सरांचं काम. पहिल्या दिवशी त्यांचं आठवड्याचं वेळापत्रक घेऊन या, त्यावरूनच आपला दिवस ठरेल. हेच पत्रक काउंटरवर कन्नडमध्येही मिळेल. आणि येताना नखं कापून या; गीवर लटकताना ती मुळापासून उलटतात.