आकाशवाणीचा पीप आणि जर्मनीचं घड्याळ

वरुडच्या मामांना त्यांच्या लेकानं जर्मनीहून भिंतीवरचं घड्याळ आणलं. रेडिओवरून आपोआप वेळ लावून घेणारं. दोन दिवस वाट पाहून मामा म्हणाले, "रेडिओचं घड्याळ आहे, मंग बातम्यायच्या टायमाले काऊन नाही जुळत बाप्पा?"

मामांचा घोळ साहजिक आहे. दोन्हीकडे वेळ रेडिओवरूनच येते. पण बातम्यांआधीचा पीप माणसासाठी असतो. तो फक्त 'आत्ता' म्हणतो, किती वाजले ते सांगत नाही. कोणत्या बातम्या लागणार हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून काम भागतं.

घड्याळ बिचारं अडाणी. त्याला तास, मिनिट, तारीख, वार, साल सगळंच सांगावं लागतं. ते काम फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेनचं 'डीसीएफ ७७' केंद्र करतं, ७७.५ किलोहर्ट्झच्या दीर्घ लहरीवर. तिथून ना गाणी, ना बातम्या. दर सेकंदाच्या सुरुवातीला लहरीचा जोर १५ टक्क्यांवर उतरतो. ०.१ सेकंद उतरला तर शून्य, ०.२ सेकंद उतरला तर एक. मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला तो उतरतच नाही. त्यावरून घड्याळ ओळखतं, की आता नवं मिनिट लागणार.

आकडे कसे जातात हे किराण्याच्या वजनांवरून समजतं. मिनिटांसाठी सात वजनं: १, २, ४, ८, १०, २०, ४०. समजा ३७ मिनिटं सांगायचीत. मग पारड्यात १, २, ४, १० आणि २० टाकायची, ८ आणि ४० बाजूला. म्हणजे ओळीनं एक, एक, एक, शून्य, एक, एक, शून्य. पाठोपाठ आठवा ठोका पडताळ्याचा. 'एक' पाच आले, विषम. म्हणून तोही 'एक', की झाले सहा, सम. वाटेत विजेच्या कडकडाटानं एखादा ठोका बिघडला, तर हिशेब सम येत नाही आणि घड्याळ ते मिनिट सोडून देतं. पीपला असला पडताळा लागत नाही. खरखर झाली तरी आपला कान सावरून घेतो.

मामांकडे मात्र मुळात ठोकेच पोचत नाहीत. ७७.५ किलोहर्ट्झची लहर जवळपास ३.९ किलोमीटर लांब, जमिनीला धरून दूरवर जाते. तरी तिची मजल साधारण २००० किलोमीटरची, आणि वरुड तिथून साडेसहा हजारांहून लांब. शिवाय पोचली असती तरी तिच्यात वेळ जर्मनीची. आपण तिच्यापुढे उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. तो अर्धा तास अशा बऱ्याच घड्याळांना जमतच नाही.

शेवटी काटे हातानंच लावले. मी मोबाईलवर आकाशवाणी लावत होतो, तर मामांनी ट्रान्झिस्टर पुढे केला. बरोबर होतं त्यांचं. इंटरनेटवरून तोच पीप काही सेकंद उशिरा येतो.