आठ वर्षं झाली, दप्तर रद्दीत?

जळगावच्या दाणाबाजारात दिवाळीच्या साफसफाईत हमखास ऐकू येतं, "८ वर्षं झाली, काढा दप्तर रद्दीत." अर्धंच खरं. ८ आर्थिक वर्षं ही कंपनी कायद्यातली किमान मुदत. जीएसटीची ७२ महिने, तीही वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून. अपील किंवा चौकशी चालू असेल, तर निकालानंतर वर्षभर त्या विषयाच्या कागदाला हात लावायचा नाही, मग ७२ महिने कधीच उलटलेले असोत.

सौद्याचा वाद कोर्टात गेला, की मुनीमजींच्या मोबाइलमधले तूरडाळीच्या भावाचे व्हॉट्सॲप मेसेजही पुरावाच. पुरावा कोर्टात येऊ नये म्हणून मुद्दाम पुसला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २४१, ३ वर्षांपर्यंत कैद.

आणि भंगारात दिलेला कॉम्प्युटर? क्विक फॉरमॅटने हार्डडिस्कची फक्त अनुक्रमणिका फाटते, पानं जागेवरच राहतात.